वर एकटा भरमा

कप माझ्या घरात आहे. शोकेसमध्ये,
मुलीच्या पिना आणि रबरं ठेवायला.
'उत्कृष्ट गोलरक्षक', खाली वर्ष,
आणि कडोलीकरचं चुकून कडोळकर.

त्या दिवशी गडहिंग्लजच्या पोरांनी
पहिल्या मिनिटापासून आम्हाला आमच्याच डीत कोंडलं.
इनास सरांनी आधीच सांगून ठेवलं होतं :
दहा जण मागे. दहाच्या दहा. भिंत.
आणि वर?
वर भरमा राहील.
भरमाला कुणी काही विचारलं नाही.
तो बुटाची नाडी तळव्याखालून दोनदा फिरवून बांधत होता.

कॅम्पातलं तांबड्या मातीचं मैदान, जानेवारीचं ऊन,
कठड्यावर शेंगा फोडत बसलेली माणसं.
कानडीत ओडो, मराठीत पळ की,
शिव्या मात्र दोन्ही भाषांत, आणि सगळ्या भरमाला.
"झोपलास काय रे?"
"त्याला खुर्ची द्या कुणीतरी!"

माझ्या जागेवरून तो
पोस्टाच्या तिकिटाएवढा दिसायचा.
दोन धिप्पाड स्टॉपर, मध्ये निळा ठिपका.

आम्ही काय करायचो? चेंडू आला की हाणायचो.
कुठे? वर. कुणाला? कुणाला नाही, नुसता लांब.
आमच्या त्या घाबरलेल्या लाथांवर
पत्ता नसायचा.
भरमा धावत जाऊन त्यांचा पत्ता व्हायचा.

छातीवर घ्यायचा, पाठ लावून उभा राहायचा.
मागून गुडघा, कोपर, पोटरीवर खिळे.
वळून गोलाकडे बघायची सोयच नाही.
मग अडेल म्हशीला ओढावं तसा
चेंडू कोपऱ्यातल्या झेंड्याकडे न्यायचा
आणि तिथंच धरून ठेवायचा.
थ्रो मिळवायचा. नुसता थ्रो.
थ्रोला कोण टाळ्या वाजवतंय?

तेवढ्यात आमचा सुळगेकर वाकून ओकून घ्यायचा,
रुझार ओरडून ओरडून लाइन सरळ करायचा,
मी हातमोज्यांवर थुंकायचो.
नऊ सेकंद. कधी अकरा.
ते कुठून येतात, हे माझ्या मनातही आलं नाही.
वाटायचं, नळ सोडला की येणारच.
(आमच्या गल्लीत तर नळाला पाणी आठवड्यातून एकदा.
तरी समजलं नाही.)

एकदा, साठावं मिनिट असेल,
त्यानं दोघांनाही मागे टाकलं. खरंच टाकलं.
समोर गोल, कीपर निम्म्यात आलेला,
डावीकडे एकरभर मोकळी जागा,
आणि त्यानं मान वळवून बघितलं,
कुणी येतंय काय.

कुणी येत नव्हतं.
आम्ही भिंत होतो,
भिंत जागची हलत नाही.

त्यानं एकट्यानंच मारला. बारला घासून वर.
कठड्यावर हशा, शेंगांची टरफलं मैदानात.
तो मागे फिरला, आणि त्यांच्या स्टॉपरनं चेंडू ठेवायच्या आत
पुन्हा त्याच्या अंगावर धावून गेला.
का, कुणास ठाऊक. हे मी तेव्हा बघितलं होतं,
आठवलं फार उशिरा.

शून्य-शून्य. टायब्रेकर. मी दोन अडवल्या.
मला खांद्यावर घेतलं.
खाली खांदे कुणाचे होते, बघितलं नाही.

सोमवारी पेपरात चार ओळी :
'बचावफळी अभेद्य. आघाडीवीर निष्प्रभ.'

भरमानं तो पेपर उद्यमबागेत, फाउंड्रीच्या गेटवर,
पहिल्या पाळीआधी चहाबरोबर वाचला.
बोट त्या शब्दावर ठेवून मला म्हणाला,
"निष्प्रभ म्हणजे काय रे?"

मी म्हटलं, "दमलेला."

"मग बरोबर आहे की," म्हणाला,
कप पालथा घातला,
आणि उजवा पाय आधी टेकवत, डावा सांभाळत
आत गेला.

कप त्याच्याकडे न्यायला मी दोनदा निघालो.
दोनदा पिना काढून टेबलावर ठेवल्या.
दोनदा परत भरल्या.